मुक्तिपूर्व तयारी (कारागृहातील)

शिक्षा भोगत असतानाच सुटकेनंतरच्या जगण्यासाठी बंद्याने केलेली आणि कारागृह प्रशासनाने करवून घेतलेली तयारी. कामाची सवय टिकवणे आणि घराशी नाते तुटू न देणे हा तिचा गाभा.

महाराष्ट्रात याचा सर्वांत धाडसी प्रयोग औंध संस्थानात झाला. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या कारकिर्दीत, पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने १९३९ मध्ये आटपाडीजवळ (आता सांगली जिल्हा) स्वतंत्रपूर ही खुली वसाहत उभी राहिली. दुष्काळी माणदेशात गंभीर गुन्ह्यांतले बंदी बेड्यांविना, बायकामुलांसह राहून शेती करू लागले. याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) काढला. चित्रपटात भर आहे तो जेलर आणि सहा कैदी यांच्यातल्या विश्वासावर. स्वतंत्रपूरचे मोठेपण मात्र तिथे नांदणाऱ्या कुटुंबांत आहे. बाप तुरुंगात असूनही मुलांना दुरावत नाही. वसाहत आजही चालू आहे, पण तिथे जागा मोजक्याच.

पुढे पैठण, मोर्शी, येरवडा येथे खुली कारागृहे झाली. चांगल्या वर्तणुकीच्या शिक्षाबंद्यांना तिथे शेतीकाम मिळते. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यासारख्या सोयाबीन-तुरीच्या कोरडवाहू मुलखातून आलेल्या बंद्याला अमरावती जिल्ह्यातले मोर्शी त्यातल्या त्यात जवळचे. घरची जमीन ठोक्या-बटईने गेलेली असली, तरी त्याचा हात मातीपासून तुटत नाही. कारागृहात सतरंजी विणणे किंवा सुतारकाम शिकून गावी परतलेल्याला तिथे त्या कामाचे गिऱ्हाईक मिळेलच असे नाही, म्हणून शेतीचे हे काम अधिक मोलाचे.

१९५९ च्या नियमांखालील संचित रजा (फर्लो) आणि अभिवचन रजा (पॅरोल) यांतून बंदी काही दिवस गावात राहून येतो. शेजारी बोलतात की तोंड फिरवतात, हे त्याला सुटकेआधीच कळते. तुरुंगातून मुक्त विद्यापीठाची पदवी घेता येते. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने १ मे २०२२ रोजी येरवड्यात सुरू केलेल्या ‘जिव्हाळा’ योजनेत बंद्याला पन्नास हजारांपर्यंत कर्ज सात टक्के व्याजाने, जामीनदाराशिवाय मिळते. फेड त्याच्या तुरुंगातल्या मजुरीतून होते. आत असलेला माणूस घरच्या अडचणीला पैसा पाठवू शकतो, ही त्यातली खरी कमाई.

यातले बरेचसे शिक्षाबंद्यांपुरतेच आहे. देशातल्या कारागृहांत दर चार जणांपैकी सुमारे तीन न्यायाधीन, म्हणजे लोकांच्या भाषेत कच्चे कैदी. त्यांच्या सुटकेची तारीख कोणालाच ठाऊक नसते. खुले कारागृह, फर्लो हे त्यांच्यासाठी नाही. जामीन मिळाला की ते कोणत्याही तयारीविना बाहेर पडतात, आणि वर्षे आत काढूनही अनेकदा त्यांच्या हाती ना हुन्नर असतो ना मजुरी.