तळणी स्टेशनापासून प्रॉक्सिमापर्यंत

नागपूरकडून रेल्वेने यवतमाळला येणारा माणूस धामणगावला उतरतो. त्याआधी पुलगाव जाते, मग तळणी. तळणीला कुणी मान वर करूनही बघत नाही. या पुस्तकाचा विषय, म्हणजे ताऱ्यांचा वारा आणि त्यात राहणारे ग्रह, माझ्यापुरता तिथेच सुरू होतो.

२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा वऱ्हाडातून गेला. पुलगावला न्यूअल आणि हिल्स या निरीक्षकांनी वर्णपटमापक मांडले होते. तळणीला ब्रिटिश खगोल मंडळींचा तळ पडला होता, त्यांत ॲनी आणि वॉल्टर माँडर हे दांपत्य. खग्रास अवस्था उणीपुरी दोन मिनिटांची. तेवढ्यात ॲनीबाईंनी लहानशा कॅमेऱ्याने कॉरोनाचा, म्हणजे सूर्याभोवतीच्या तेजोवलयाचा, जो झोत टिपला, तो सूर्याच्या त्रिज्येच्या दहापटीहूनही लांब निघाला. इतका लांब झोत तोवर कुणी टिपला नव्हता. पुढे १९०४ साली वॉल्टर यांनी ग्रीनिचच्या जुन्या नोंदींवरून दाखवले, की पृथ्वीवरची चुंबकीय वादळे सुमारे २७ दिवसांनी, म्हणजे आपल्याला दिसणाऱ्या सूर्याच्या एका फेरीनंतर, पुन्हा येतात. अर्थात सूर्यावरच्या ठरावीक जागेतून काहीतरी झोतासारखे सुटत असले पाहिजे. सूर्यावरचे डाग आणि ही वादळे यांचा संबंध लॉर्ड केल्व्हिन यांनी १८९२ मध्ये योगायोगात काढला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे माँडर यांचे धाडस कळते.

आपल्याकडचा पुरावा तर त्याहून जुना आहे. सप्टेंबर १८५९ च्या वादळात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरल्याची नोंद आहे. ती धूळ खात पडली होती. भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या सहभागाने २००३ साली तिचा नव्याने अभ्यास झाला, आणि तेव्हापासून जगभर तिचे दाखले दिले जातात.

सूर्यातून झोतासारखे सुटणारे ते काहीतरी म्हणजेच सौरवारा. ग्रह ताऱ्याच्या अशा वाऱ्यात राहतो, ही या शास्त्राची मूळ गोष्ट. मंगळाचे सर्वव्यापी चुंबकीय कवच फार पूर्वी गेले, आणि सौरवारा आजही त्याची हवा थोडी थोडी ओढून नेतो. प्रॉक्सिमा सेंटॉरीजवळ २०१६ साली सापडलेला ग्रह त्या ताऱ्याच्या इतका जवळ आहे, की त्याचे वर्ष अकरा दिवसांत संपते. उबेचा हिशेब केला तर तिथे पाणी टिकावे. पण हा लाल खुजा तारा कोपिष्ट आहे, वरचेवर भडकतो. वर्तमानपत्रांनी ‘दुसरी पृथ्वी’ म्हणण्याची घाई करू नये, असे मला वाटते ते यामुळे. अशा ग्रहांना चुंबकीय कवच आहे का, हे त्यांच्या रेडिओ लहरींवरून कळू शकेल. नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीने दूरच्या ताऱ्यांचे काही ग्रह धुंडाळलेही आहेत. निर्विवाद खूण अजून हाती आलेली नाही, आणि नव्याने या विषयात येणाऱ्याला हीच मोठी सोय आहे.

गणिताला बिचकणाऱ्यांनी दुसरे प्रकरण खुशाल ओलांडावे. कॉरोनाचे मात्र सावकाश वाचावे. ॲनीबाईंचा तो झोत तिथे पुन्हा भेटेल.