शब्दवेध : गुणसूत्र

निरगुडसर-मंचर हा कांद्याचा टापू. कांद्याच्या कोवळ्या मुळाचे टोक रंगात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली धरले, की विभागणाऱ्या पेशीत १६ गुणसूत्रे दिसतात. रंगाशिवाय ती नजरेत भरत नाहीत, म्हणून १८८८ साली जर्मन शास्त्रज्ञ वाल्डेयर यांनी ग्रीकमधून ‘रंगदेह’ अशा अर्थाचा ‘क्रोमोसोम’ हा शब्द घडवला. मराठीत ‘रंगसूत्र’ही आहे, पण रुळला तो ‘गुणसूत्र’.

यातला गुण म्हणजे आईबापांकडून आलेला गुण, हे उघडच आहे. पण संस्कृतात गुण म्हणजे दोरीचा पेड, धनुष्याची दोरीसुद्धा! म्हणजे शब्दात सूत दोनदा आले. घडवणाऱ्याने हे योजले असेल असे मला वाटत नाही. गुणसूत्रातल्या दोन पेडांच्या डीएनएला ते शोभले मात्र खरे.

कांद्याच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे ११ मीटर भरेल. माणसाचा जेमतेम २. (शहाणपणाशी याचा संबंध नाही. कांद्याचा बराचसा डीएनए म्हणजे त्याच त्या मजकुराची पुनरावृत्ती.) एवढी लांबी मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपासच्या केंद्रकात मावते, कारण रिळावर दोरा गुंडाळावा तसा डीएनए आठ हिस्टोन प्रथिनांच्या गाभ्याभोवती जवळजवळ पावणेदोन वेढे घेतो. एका रिळावर साधारण १४७ आधारक-जोड्या बसतात. गुंडाळी सैल होते तिथले जनुक वाचता येते. घट्ट असते तिथले बहुधा मुके राहते.