घोंगडीची खळ आणि शेवटचा हात

आमच्या गटातल्या बाया हिवाळ्यात सुयांवर लोकरीची पांघरुणं विणतात. शेवटचा टाका बंद झाला की काम संपलं, असं वाटतं. पण खरं काम पुढेच असतं. सुटे धागे आत ओवायचे, पांघरूण कोमट पाण्यात भिजवायचं, न पिळता टॉवेलात गुंडाळून दाबायचं आणि चटईवर चारी कडा मापून टाचण्या लावून वाळवायचं. ओली लोकर सैल पडते आणि जशी ताणली तशीच सुकते. आमच्या गटात हे काम दोघीजणीच करायच्या. वहीत मात्र फक्त विणाई लिहिली जायची.

ही चूक आजची नाही. आपल्या भागात कुरमार समाज मेंढ्या पाळतो, घोंगड्या विणतो. गडचिरोली जिल्हा १९८२ साली वेगळा झाला. त्याआधी सगळा चंद्रपूर, म्हणजे जुना चांदा जिल्हाच होता. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात मध्य प्रांतातले कुरमार या एका चांदा जिल्ह्यातच असल्याची नोंद आहे. १९११ साली ते सुमारे ४००० होते.

घोंगडी मागावर बसून विणतो तो पुरुष. पण लोकर निवडणं, सूत कातणं हे बहुतेक बायांच्या हातचं. चिंचोक्याची खळ शिजवून ताण्याला लावतात, कुंच्याने सारखी करतात, तेव्हा धागा मागावर टिकतो. नवी घोंगडी ताठ लागते ती या खळीमुळेच. तरी आपण म्हणतो, घोंगडी विणकराची.

दूर स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवर बाया नाजूक लोकरी शाली विणत. त्या धुऊन लाकडी चौकटीवर ताणणं हा तिथे वेगळा धंदाच होता. त्या कामाला नाव होतं, म्हणून दामही होतं.

त्या दोघींनी एका बैठकीत विचारलं, "आमचा वेळ कुठे लिहिला?" कोणापाशी उत्तर नव्हतं. आता आम्ही वहीत तीन रकाने पाडले: लोकर, विणाई आणि शेवटचा हात. पांघरुणाची किंमत थोडी वाढली; एक-दोन गिऱ्हाइकं परतली, बाकीची राहिली.

मैत्रिणींनो, तुमच्या गटात पापड असोत की टोपल्या, शेवटचा हात कोणाचा लागतो ते पाहा. आणि आजच वहीत तिचं नाव लिहा.