१,७६,६३,१९,०४९

एकशे शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास. या संख्येच्या वर्गातून १ वजा केला की उरलेल्या संख्येला ६१ ने नि:शेष भाग जातो आणि भागाकारही पूर्ण वर्गच येतो : २२,६१,५३,९८० चा. १ पेक्षा मोठ्या संख्यांत हा गुण असणारी ही सर्वांत लहान संख्या. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘बीजगणित’ ग्रंथात ६१ चे उदाहरण घातले, त्याचे हे उत्तर. त्यांच्या परिभाषेत ६१ ही प्रकृती, मोठी संख्या ज्येष्ठमूळ, धाकटी कनिष्ठमूळ. (कनिष्ठमुळाच्या वाचनात ‘एकसष्ट लाख’ येतात, तो निव्वळ योगायोग.)

६१ च्या शेजाऱ्यांना एवढा व्याप नाही. ६० साठी ३१ आणि ४ पुरतात, ६२ साठी ६३ आणि ८. एकेक संख्या घालून पाहणाऱ्याची मात्र ६१ पाशी दमछाक होते.

भास्कराचार्यांची चक्रवाल पद्धत तिथे थोडक्यात निभावते. सुरुवात ८ पासून : ८ चा वर्ग ६४, म्हणजे ६१ पेक्षा ३ जास्त. चक्राच्या एकाच फेऱ्यात ३९ आणि ५ ही जोडी मिळते. ३९ चा वर्ग १५२१, ५ च्या वर्गाची ६१ पट १५२५, दोहोंतला फरक, म्हणजे क्षेप, उणे ४. पुढचे काम ब्रह्मगुप्ताच्या ‘भावना’ या गुणनक्रियेचे. तिने २९,७१८ आणि ३,८०५ येतात, क्षेप उणे १. या जोडीची स्वत:शीच भावना केली की उत्तर हाती. म्हणून ही संख्या २९,७१८ च्या वर्गाच्या दुपटीहून नेमकी १ ने मोठी आहे.

ती मूळ संख्या नव्हे. १,५२३ ने तिला भाग जातो आणि भागाकार ११,५९,७६३ येतो. तो १,५२३ म्हणजे ३९ चा वर्ग अधिक २, तेव्हा वाटेतली जोडी उत्तरातही टिकून राहिली आहे. ज्येष्ठमुळाला कनिष्ठमुळाने भागले तर ६१ चे वर्गमूळ मिळते, आणि त्यातली चूक दशांशचिन्हापुढची सतरा शून्ये ओलांडल्यावर सुरू होते.

१६५७ मध्ये फर्माने युरोपातल्या गणितज्ञांना आव्हान दिले, त्यातही ६१ होताच. असे समीकरण नेहमी सुटते, याची सिद्धता अठराव्या शतकात लाग्रांजने दिली. समीकरणाला नाव मात्र पेल या गणितज्ञाचे चिकटले, ऑयलरच्या गैरसमजामुळे.

खानदेशाशी या संख्येचे नाते चाळीसगावजवळच्या पाटणमुळे. भास्कराचार्यांचे गाव विज्जडविड म्हणजे हेच पाटण, हे मत खानदेशात प्रिय असले तरी अभ्यासकांत एकमत नाही. पाटणचा शिलालेख मात्र पक्का आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने पाटणला मठ काढला आणि तिथल्या निकुंभ राजघराण्याने तेराव्या शतकाच्या प्रारंभी मठाला दान दिले. संस्कृत लेखाच्या शेवटी जुन्या मराठीत मठाच्या उत्पन्नाच्या बाबी कोरल्या आहेत. त्यांत बाजारातल्या विक्रीचा हिस्सा आहे आणि घाण्यांवरचे तेलही.