अपुरी गोधडी आणि उरलेले कापड : महाराष्ट्रातील घरगुती शिवणीच्या इतिहासाचा एक विचार

प्रस्तावना

वस्त्रोद्योगाच्या इतिहासात माग, गिरणी, व्यापारी आणि बाजारपेठ यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे वस्त्राच्या उत्तरायुष्याला मिळालेले नाही. कापड विणले गेले, रंगवले गेले, विकले गेले, येथपर्यंतचा प्रवास अभ्यासकांनी तपशिलाने नोंदवला आहे. परंतु विकत घेतलेले लुगडे किंवा धोतर विरल्यानंतर त्याचे काय झाले, हा प्रश्न घराच्या उंबरठ्याच्या आतला मानला गेला. गोधडी ही या उत्तरायुष्यातील सर्वांत मोठी निर्मिती होय. पश्चिम महाराष्ट्राच्या दक्षिण भागात तिला वाकळ म्हणतात, तान्ह्या मुलासाठी शिवलेल्या लहान रूपास दुपटे म्हणतात. नावे भिन्न असली तरी रचना एकच आहे : जुन्या कापडाचे थर एकावर एक अंथरून धावदोऱ्याने एकजीव केलेले अंथरूण वा पांघरूण.

गोधडीविषयी लिहिताना साधारणतः मायेची ऊब, आजीची आठवण अशा भावनांवर भर दिला जातो. त्या खोट्या नाहीत. मात्र त्यामुळे गोधडीमागील श्रम आणि त्या श्रमाचे वेळापत्रक झाकले जाते. घरोघरच्या गाठोड्यांत अर्धवट शिवलेली गोधडी आणि तिच्यासाठी राखून ठेवलेल्या चिंध्या असत, ही सर्वपरिचित गोष्ट आहे. हे अपुरेपण आळसाचे लक्षण होते की कामाच्या पद्धतीचाच भाग होता, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

जीर्ण वस्त्राची उतरंड

जीर्ण वस्त्रे टाकून मनुष्य नवी धारण करतो, हा दृष्टांत भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायामुळे सर्वांच्या परिचयाचा आहे. प्रत्यक्ष संसारात मात्र जीर्ण वस्त्र टाकले जात नसे. याचा एक फार जुना दाखला बौद्ध विनयपिटकातील चुल्लवग्गात आढळतो. कौशांबीच्या उदयन राजाच्या अंतःपुरातील स्त्रियांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दान दिली, तेव्हा एवढ्या वस्त्रांचे तो काय करणार, असा राजाला संशय आला. आनंदाने सांगितले की ज्यांची चीवरे विरली आहेत त्या भिक्षूंना ती वाटली जातील. मग जुन्या चीवरांचे काय, असे राजाने विचारले. त्यांची आच्छादने होतील, जुन्या आच्छादनांच्या गादीच्या खोळी, खोळींची जमिनीवरील अंथरणे, अंथरणांची पायपुसणी, त्यांची धूळ झटकण्याची फडकी, आणि शेवटी ती फडकी कुटून मातीत कालवून जमीन सारवली जाईल, असे उत्तर मिळाले. राजाचे समाधान झाले व त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

मराठी घरातील उतरंड याहून फार वेगळी नव्हती. नऊवारी लुगडे मध्यभागी, बसण्या-उठण्याच्या जागी, आधी विरते. तेव्हा तो भाग काढून टाकून दोन्ही टोकांकडील धड भाग परस्परांना जोडत. यास दंड घालणे म्हणत. दंड घातलेले लुगडेही फाटले की त्यातून मुलीचा परकर किंवा बाळाचे दुपटे निघे. उरलेले गोधडीच्या खोळीला, त्याहून विरलेले गोधडीच्या पोटात. गोधडीही विटली की तिच्यावर नवी खोळ चढवून तीच पुन्हा भरण म्हणून वापरली जाई आणि अखेरीस तिच्या चिंध्यांचे पोतेरे होऊन ते शेणाने सारवण्याच्या कामी येई. चुल्लवग्गातील भिक्षुसंघ आणि सारवणाऱ्या गृहिणी यांचा शेवटचा टप्पा एकच असावा, ही बाब लक्षणीय आहे.

या उतरंडीचा एक परिणाम इतिहासकाराच्या दृष्टीने प्रतिकूल ठरला. जी वस्तू पूर्णतः वापरून संपते ती संग्रहात येत नाही. सोळाव्या-सतराव्या शतकांत हुगळीजवळील सातगावच्या परिसरात पोर्तुगीज व्यापाऱ्यांसाठी पिवळसर रानरेशमाने भरलेल्या रजया आजही युरोपीय संग्रहालयांत पाहावयास मिळतात, कारण त्या विक्रीसाठी व मिरवण्यासाठी केल्या गेल्या. बंगालच्या कांथेवर चित्रे भरलेली असल्यामुळे गुरुसदय दत्त, स्टेला क्रामरिश यांच्यासारख्या संग्राहकांचे लक्ष विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिच्याकडे गेले. महाराष्ट्राची गोधडी बहुधा चित्रविरहित. तिच्या सौंदर्याची जागा ठिगळांच्या मांडणीत आणि टाक्यांच्या ओळींत आहे, आणि ती जागा नजरेत भरण्यापूर्वीच गोधडी फाटून गेलेली असे.

शिवणीची रीत आणि थांबण्याची मुभा

गोधडीला जुनेच कापड का लागते, याचे उत्तर काटकसर एवढेच नाही. नव्या कापडात खळ असते, ते धुतल्यावर आटते आणि त्याचा रंग जातो. आटलेले व न आटलेले कापड एकत्र शिवले तर पहिल्याच धुण्यात गोधडीला चुण्या पडतात. वर्षानुवर्षे धुतलेले सुती कापड आटून स्थिर झालेले असते, मऊ असते आणि सुईला अडवत नाही. म्हणजे घरातील कापड ‘गोधडीच्या वयाचे’ होईपर्यंत थांबावेच लागे. शिवणाऱ्या स्त्रीच्या हाती ही गती नव्हती. घरात कोणाचे धोतर केव्हा विरते, यावर ती अवलंबून होती.

साधे गणित करून पाहता हे अधिक स्पष्ट होते. नऊ वार लांब व सुमारे सव्वा वार पन्ह्याच्या लुगड्याचे चार समान भाग केले तर प्रत्येक भाग सव्वादोन वारांचा, म्हणजे पावणेसात फुटांचा होतो. दोन भाग शेजारी शेजारी जोडून वरची बाजू आणि उरलेले दोन जोडून खालची बाजू तयार होते. हिशेबाने एका लुगड्यात मोठ्या गोधडीची संपूर्ण खोळ निघावी. परंतु गोधडीला येणारे लुगडे मधोमध विरलेलेच असते. त्यामुळे व्यवहारात दोन लुगडी लागत, आणि एक मिळाल्यानंतर दुसऱ्याची वाट पाहणे ओघाने आलेच.

श्रमाचे गणितही असेच आहे. सहा फूट लांब व साडेचार फूट रुंद गोधडीवर दोन सेंटिमीटरच्या अंतराने धावदोऱ्याच्या ओळी घातल्या, तर शिवणीची एकूण लांबी सुमारे १२० मीटर भरते. दर सेंटिमीटरला एक टाका धरला तर ते बारा हजार टाके होतात. भरण मोठ्या सलग कापडाचे असेल तर हे अंतर चालते. भरण शिंप्याकडील कातरणीचे असेल तर तुकडे आत सरकून गोळे होतात, म्हणून ओळी जवळजवळ घ्याव्या लागतात. अंतर एक सेंटिमीटर केले की शिवण २४० मीटरवर जाते. कापड जितके लहान व फुकटचे, तितके श्रम अधिक, हा येथील नियम दिसतो. चिंधीची बचत स्त्रीच्या वेळेतून वसूल होत होती. घराच्या हिशेबवहीत मात्र केवळ बचत दिसे.

हा वेळ मिळे कोठून? सुगी आटोपल्यानंतर आणि पावसाळ्यापूर्वी, उन्हाळ्याच्या दुपारी. पाऊस लागला की पेरणी, भांगलणी सुरू होई आणि ओलसर घरात कापड अंथरून बसण्यास जागाही नसे. रोज तीन मीटर शिवण झाली तरी १२० मीटरला चाळीस दिवस लागतात. मधे लग्नसराई आली, कोणी आजारी पडले, तर गोधडी पुढील उन्हाळ्यावर जाई. नवरात्रापूर्वी घरातील सारे अंथरूण-पांघरूण नदीवर नेऊन धुण्याची प्रथा अनेक भागांत आहे. जुन्या गोधडीतील कोणती यंदा टिकेल आणि कोणतीवर नवी खोळ चढवावी लागेल, हे त्या धुण्यातच कळत असे.

अशा खंडित कामाला साजेशी रीतही विकसित झालेली दिसते. थर अंथरून, कडा ताणून आधी लांब लांब टाके घालतात, म्हणजे मधे झोळ येत नाही. त्यानंतर कडेपासून आरंभ करून चौकोनी फेऱ्यांनी आत आत जाणे, ही गोधडीची एक प्रचलित पद्धत आहे. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांची कवंदी याच तत्त्वावर शिवली जाते. तेथे वरची बाजू आधी जोडून घेत नाहीत, हाती येईल ते ठिगळ ठेवत, शिवत कडेकडून मध्याकडे जातात. आफ्रिकी वंशाच्या, कोकणीशी जवळीक असलेल्या बोलीत व्यवहार करणाऱ्या या समाजाच्या कवंदीचा हेन्री ड्रूअल यांनी अभ्यास केला आहे. कडेकडून शिवण्याचा व्यावहारिक लाभ असा की पहिल्या काही फेऱ्यांतच कडा बंद होतात. मग कोणत्याही टाक्यावर थांबून गोधडी घडी घालून ठेवली तरी थर निसटत नाहीत, आणि नड पडली तर अर्धवट गोधडी पांघरताही येते. अपुरेपणाची सोय रचनेतच करून ठेवलेली होती, असे म्हणण्यास हरकत नसावी.

टंचाई आणि विपुलता

घरगुती शिवणीची ही गती कापडाच्या बाजाराशी बांधलेली होती. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या सूतगिरणीची कंपनी स्थापन केली, १९०४ मध्ये इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी यंत्रमाग आणला. गिरणी व यंत्रमागाच्या कापडाने गोधडीच्या खोळीत नवे रंग व छापे आले. दुसऱ्या महायुद्धात उलट स्थिती उद्भवली. कापडाच्या तुटवड्यामुळे व भाववाढीमुळे १९४३ मध्ये सरकारला सुती कापड व सूत नियंत्रण आदेश काढावा लागला आणि नियंत्रित दराचे कापड रांगेत उभे राहून घ्यावे लागले. अशा काळात लुगड्याला दंड घालून ते आणखी वर्ष-दोन वर्षे नेसले जाणे स्वाभाविक होते. अर्थात गोधडीला येणारे कापड तेवढेच उशिरा व तेवढेच विरलेले येणार.

शहरांत जुन्या कापडाला दुसरी वाटही होती. गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजातील बोहारणी दारावर येऊन जुन्या कपड्यांच्या मोबदल्यात भांडी देत. पूर्वी पितळेची, पुढे स्टेनलेस स्टीलची. हे कपडे दुरुस्त होऊन पुन्हा बाजारात जात. बोहारणीला धड कपडा हवा असे, फाटका ती बाजूला सारी. त्यामुळे भांड्यात आणि गोधडीत वाटणी होऊन चांगले कापड तिच्या गाठोड्यात व उरलेसुरले घरच्या गाठोड्यात जाऊ लागले. गृहिणीचा हा निर्णय अर्थशास्त्रीय निर्णय होता, मग त्याची नोंद कोठे झाली नसली तरी.

सर्वांत मोठा बदल घडवला तो कृत्रिम धाग्याने. नायलॉन व पॉलिएस्टरच्या साड्या १९६० नंतर हळूहळू आणि १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्याला उत्तेजन दिल्यानंतर वेगाने सर्वसामान्यांच्या घरी आल्या. ही साडी विरत नाही, नेसून कंटाळा येतो म्हणून बाजूला पडते. ती घाम शोषत नाही, टाक्याखाली घसरते आणि तिची गोधडी उन्हाळ्यात अंगाला चिकटते. गोधडीच्या वयाचे कापड म्हणजे काय, ही जुनी कसोटीच येथे निरुपयोगी ठरली. त्यातच तयार कपड्यांची चलती झाल्याने गल्लीतील शिंप्याची कातरण आटली आणि कारखान्यांची कातरण किलोच्या भावाने विकली जाऊ लागली. पूर्वी गोधडी अडे ती कापडावाचून. आता कपाटात साड्यांचे ढीग असताना ती वेळेवाचून अडू लागली. बाहेरून दोन्ही अपुऱ्या गोधड्या सारख्याच दिसतात, त्यांचा इतिहास मात्र वेगळा आहे.

मजुरीची गोधडी

दारोदार फिरून गोधड्या शिवून देणाऱ्या स्त्रिया, विशेषतः काही भटक्या समाजांतील, महाराष्ट्रात पूर्वीपासून आढळतात. कापड घरमालकिणीचे, दोरा व श्रम शिवणारीचे, असा तो व्यवहार. महिला आर्थिक विकास महामंडळाची स्थापना १९७५ मध्ये झाली, १९९२ मध्ये नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक प्रकल्प सुरू केला, आणि त्यानंतरच्या काळात गोधडी ही बचत गटांच्या प्रदर्शनांतील विक्रीची वस्तू झाली. यात स्त्रीच्या हाती रोख रक्कम आली, ही निर्विवाद जमेची बाजू होय. त्याचबरोबर मापे ठरली, रंगसंगती ठरली, जुन्याऐवजी नवे सुती कापड आले आणि मागणीची तारीख आली. नगावर मजुरी मिळत असल्याने अर्धी गोधडी म्हणजे शून्य मजुरी. उन्हाळ्यापर्यंत थांबण्याची जी मुभा बिनमोल श्रमाला होती, ती मोलाच्या श्रमाला उरली नाही. पूर्वीच्या मुभेचे गोडवे गाताना ती मुभा विनावेतन होती, हे विसरून चालणार नाही. आणि आजच्या मजुरीचे स्वागत करताना १२० मीटर शिवणीचा हिशेब मांडल्याशिवाय ती रास्त की अपुरी, हे ठरवता येणार नाही.

एकाच गोधडीवर अनेकदा दोन हात ओळखू येतात. कडेचे फेरे बारीक, सरळ टाक्यांचे असतात. मध्याकडे टाका लांबतो किंवा दोऱ्याचा रंग बदलतो. सासूने आरंभलेली गोधडी सुनेने पुरी केली, किंवा तरुणपणी घेतलेली म्हातारपणी, नजर मंदावल्यावर हातावेगळी झाली, असे त्याचे अर्थ संभवतात. आतील थर उसवून पाहिले तर त्याहून जुनी, कदाचित तिसऱ्याच हाताची गोधडी सापडते. वस्तुसंग्रहालयाच्या नोंदपत्रात मात्र कर्ता आणि काळ यांसाठी एकेकच रकाना असतो.