विकत घेतल्यानंतरचा फोन

फोन घ्यायला दुकानात गेलेला माणूस कॅमेरा, बॅटरी आणि किंमत यांची चौकशी करतो. त्यात गैर काहीच नाही; काउंटरवर उभे राहून तेवढेच पारखता येते. ऑपरेटिंग सिस्टीमचे तसे नाही. ती खरेदीनंतरही बदलत राहते, आणि कधी, किती व कुठवर बदलायचे हे ठरवण्यात पैसे मोजणाऱ्याला फारसे विचारले जात नाही. अँड्रॉइड आणि आयओएस यांची तुलना या पुस्तकात सॉफ्टवेअर अपडेट आणि व्हॉइस असिस्टंट या दोनच अंगांनी केली आहे, ती यासाठी. नव्या फोनचा डबा उघडला की ही दोन्ही अंगे जेमतेम दिसतात. त्यांची खरी ओळख काही वर्षांनी पटते.

हा विषय इंजिनिअरांचा आहे, असे वाचकांनी कृपया समजू नये. बँकेचे व्यवहार आज याच यंत्रातून होतात. शिवाय आपल्याकडे फोन सहसा टाकून देत नाहीत. मुलाने नवा घेतला की जुना आईकडे किंवा आजोबांकडे जातो. म्हणजे ज्यांना फसवणुकीचा धोका जास्त आणि बारीक अक्षरांचा त्रासही जास्त, त्यांच्याच हाती अपडेट बंद होत आलेला फोन पडतो. अपडेट आणि आवाज यांची सर्वाधिक गरज असते ती त्यांना.

आधी अपडेटकडे वळू. आयफोन २००७ साली आला आणि अँड्रॉइडवरचा पहिला फोन २००८ साली. अ‍ॅपल यंत्रही बनवते आणि त्यातली सिस्टीमही, त्यामुळे नवी आवृत्ती पात्र असलेल्या सगळ्या आयफोनांना एकाच दिवशी मिळू शकते. अँड्रॉइडचा प्रवास लांबचा. गूगल मूळ सिस्टीम लिहिते, चिप बनवणारी कंपनी तिला आपल्या चिपशी जुळवते, मग फोन बनवणारी कंपनी तिच्यावर स्वतःचा साज चढवते. प्रत्येक टप्प्यावर वेळ जातो आणि स्वस्त फोनाच्या वाट्याला पुष्कळदा वाटच पाहणे येते. २०१५ साली ‘स्टेजफ्राइट’ हा दोष उघड झाला. नुसता एक मल्टिमीडिया संदेश धाडून फोनात शिरकाव करता येईल, असे त्याचे स्वरूप होते. दुरुस्ती लिहून तयार असली तरी ती लोकांच्या फोनांपर्यंत पोहोचवायची कशी, हा पेच तेव्हा सर्वांच्या लक्षात आला. त्याच वर्षी गूगलने दरमहा सुरक्षा-दुरुस्त्या देण्याची पद्धत सुरू केली. पुढे २०१७ मध्ये ‘प्रोजेक्ट ट्रेबल’ने चिपशी निगडित भाग मूळ सिस्टीमपासून वेगळा केला, आणि २०१९ मध्ये ‘प्रोजेक्ट मेनलाइन’मुळे सिस्टीमचे काही भाग थेट प्ले स्टोअरच्या वाटेने येऊ लागले.

एवढी वाट चालल्यावर २०२३ च्या पिक्सेल ८ ला आणि २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ ला सात वर्षांच्या अपडेटचे जाहीर वचन मिळाले. अ‍ॅपलचा स्वभाव उलटा. २०१३ साली आलेल्या आयफोन ५एस ची गाडी आयओएस १२ वर थांबली, तरी जानेवारी २०२३ मध्येही त्याला सुरक्षेची दुरुस्ती मिळाली. मात्र ब्रिटनच्या कायद्यामुळे २०२४ मध्ये मुदत लेखी द्यावी लागली, तेव्हा अ‍ॅपलने किमान पाच वर्षे एवढेच लिहून दिले. एकाचे वचन मोठे आहे आणि ते अजून पुरते कसाला लागायचे आहे. दुसऱ्याची वागणूक वचनापेक्षा उदार आहे. माझा कल वागणुकीकडे पाहण्याचा आहे, पण तुम्ही दोन्ही बाजू वाचून ठरवा.

नवख्या वाचकाला एका गोष्टीबद्दल आधीच सावध करतो. आवृत्तीचा आकडा पाहून दोन सिस्टीमची तुलना करू नका. आयफोनमध्ये सफारी ब्राउझर किंवा सिरी सुधारते ती मुख्यतः आयओएसच्या अपडेटबरोबर. अँड्रॉइडमध्ये क्रोम आणि असिस्टंट प्ले स्टोअरमधून स्वतंत्रपणे येतात. त्यामुळे चार वर्षे जुन्या आवृत्तीवर अडकलेला फोनही ताजा ब्राउझर चालवत असतो, आणि गाभ्यातली भोके मात्र उघडीच राहतात. वरून टवटवीत दिसणारा असा फोन मला जास्त धोक्याचा वाटतो, कारण मालकाला काही बिघडल्याची शंकाच येत नाही.

व्हॉइस असिस्टंटचा इतिहास अधिक रंजक आहे. सिरीचे मूळ कॅलिफोर्नियातील एसआरआय या संस्थेत, अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशावर चाललेल्या संशोधनात आहे. २०१० साली ते एक साधे अ‍ॅप होते. अ‍ॅपलने ते विकत घेतले आणि २०११ मध्ये आयफोन ४एस बरोबर घरोघरी पोहोचवले. गूगलने २०१२ मध्ये ‘नाउ’ आणि २०१६ मध्ये ‘असिस्टंट’ आणला. मायक्रोसॉफ्टची कोर्टाना चांगली होती, पण तिला अंगाखांद्यावर घेणारे विंडोज फोनच बाजारातून गेले. मराठीपुरते बोलायचे तर गूगल असिस्टंट २०१८ मध्ये मराठी बोलू लागला आणि २०२४ मध्ये भारतात आलेल्या जेमिनी अ‍ॅपमध्ये मराठी पहिल्यापासून होती. सिरीत भारतीय इंग्रजीबरोबर मराठी मिसळून बोलण्याची सोय त्याच वर्षी आयओएस १८ ने आणली. आपल्या भाषेची नोंद आता दोन्ही घरांना घ्यावी लागते, याचा थोडा अभिमान वाटला तर वाचकांनी तो जरूर बाळगावा.

तरीही जाहिरातीवर विसंबू नका. स्वतः बोलून पाहा. ‘पाऊण तासाने गॅस बंद करायची आठवण कर’, ‘परवा पावणेसातला उठव’, ‘मावशीला व्हॉट्सअ‍ॅपवर सांग, गाडी लेट आहे’ अशी घरात बोलली जाणारी वाक्ये दोन्ही फोनांना ऐकवा. पंचेचाळीस मिनिटांचा गजर लागतो की इंटरनेटवरचे शोधनिकाल समोर येतात, हे पाहिले की बरेच कळते. शक्य असेल तर पंख्याच्या आवाजात आणि आजीच्या तोंडूनही तेच वदवून घ्या. आणखी एक माहिती असू द्या. ‘हे सिरी’सारखी हाक फोन स्वतःच ओळखतो, पण पुढचे बोलणे बऱ्याचदा कंपनीच्या सर्व्हरवर जाते. २०१९ मध्ये दोन्ही कंपन्यांच्या कंत्राटी माणसांनी अशी काही ध्वनिमुद्रणे ऐकल्याचे उघड झाले, त्यानंतर नियम बदलले. ती सेटिंग कुठे असते, हे असिस्टंटच्या प्रकरणात सविस्तर दिले आहे.

पुस्तक पहिल्या पानापासून वाचलेच पाहिजे असे नाही. अँड्रॉइड वापरत असाल तर सेटिंग्जमध्ये ‘फोनविषयी’ या भागात सुरक्षा अपडेटची तारीख शोधा; आयफोन असेल तर ‘जनरल’मध्ये सॉफ्टवेअर अपडेट उघडा. तारीख जुनी निघाली तर अपडेटची प्रकरणे आधी वाचा. ताजी असेल तर सवडीने असिस्टंटपासून सुरुवात करा, आणि घरातल्या जुन्या फोनची तारीखही एकदा पाहून घ्या.