गोधडी : खानदेशच्या कापसाचे न लिहिलेले दप्तर

१/ खानदेशच्या कापसाचा इतिहास भाव, गाठी आणि गिरण्यांच्या आकड्यांत सापडतो. तोच कापूस लुगडे होऊन विरला की त्याची गोधडी होई. तेथे मात्र दप्तर संपते. हा थ्रेड त्या पुढच्या भागाविषयी.

२/ १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला आणि खानदेशी कापसाला एकाएकी भाव आला. त्याच दशकात रेल्वे भुसावळला पोहोचली. १८७०च्या दशकात जळगावात कापडगिरणी उभी राहिली. अमळनेर आणि धुळ्याच्या गिरण्या नंतरच्या.

३/ घरातला हिशेब निराळा होता. लुगडे आधी सणावाराला, मग रोजच्या वापराला, आणि जीर्ण झाले की गोधडीला. शेतीची कामे आटोपली की उन्हाळ्यात ओट्यावर एक लुगडे अंथरायचे, त्यावर धोतर, सदरे, झंपर यांचे तुकडे थरांनी मांडायचे, वर दुसरे लुगडे. धावदोरा कडेने सुरू होई आणि चौकोनाच्या आत चौकोन घालीत मध्याकडे सरके. ऊब केवळ कापडाची नसते. थरांमध्ये कोंडलेल्या हवेचीही असते.

४/ संस्कृतातील ‘कन्था’ म्हणजे चिंध्यांचे वस्त्र. बंगालची कांथा त्याच शब्दाची लेक. आपल्याकडे वाकळ, गोधडी. अंगावर चिंध्या पांघरणाऱ्या गाडगेबाबांना लोक ‘गोधडे महाराज’ही म्हणत. गोधडी ही अशी दारिद्र्याची खूण ठरली, आणि खुणेकडे कला म्हणून कोण पाहणार?

५/ पण गरजेने सगळे उलगडत नाही. लाल काठाशेजारी निळीच पट्टी हवी, असा थंडीचा काही आग्रह नसतो. तो निर्णय शिवणारीचा. (प्रबंधाचे पान कोरे राहिले की ‘प्रेरणा गेली’ म्हणण्याची आम्हा विद्यार्थ्यांना सवय आहे. ओट्यावरच्या बाईला ही सबब उपलब्ध नव्हती. तुकडे समोर पडलेले असत, हिवाळा ठरलेला असे.)

६/ आता थोडे दूर, अमेरिकेतील अलाबामाच्या जीज बेंड या गावी. कापसाच्या मळ्यावर गुलाम असलेल्या कृष्णवर्णीयांच्या वंशजांचे हे गाव. ज्या युद्धाने खानदेशी कापसाला भाव आणला, त्याच युद्धाने यांच्या पूर्वजांची गुलामी संपवली. तेथील मिझुरी पेटवे हिचा नवरा वारला. त्याचे शेतातले विटके कपडे फाडून १९४२ साली तिने त्यांची गोधडी शिवली. तुकडे करायला लेक आर्लोन्झिया मदतीला होती. हेतू एवढाच, की त्याची आठवण अंगावर घेऊन निजता यावे. गुडघ्यांवर झिजलेल्या विजारींचे रंग तिने जसे होते तसे राहू दिले. २००२ साली जीज बेंडच्या गोधड्या ह्यूस्टन व न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत मांडल्या गेल्या.

७/ दुःखानंतर हात पुन्हा कसे चालू लागतात याचा आपल्याकडचा पुरावा कापडात नाही, शब्दांत आहे. आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) तिशीच्या सुमारास विधवा झाल्या. अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात, काम चालू असताना गाणी रचली जात. सोपानदेव या मुलाने आणि एका नातलगाने ती उतरवून घेतली म्हणून १९५२ साली, त्यांच्या पश्चात, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघू शकले.

८/ गोधडीला कोणी सोपानदेव लाभला नाही. शिवणारीचे नाव कापडावर नसते. अनेक घरांत माणूस गेले की त्याचे अंथरूण-पांघरूणही देऊन किंवा टाकून देतात. साधनच नाहीसे होते. आणि कपाटात आता कृत्रिम धाग्याच्या साड्या आहेत. त्या निसरड्या असतात, घाम टिपत नाहीत आणि सुती लुगड्यासारख्या मऊ होत जात नाहीत.

९/ म्हणून एक विनंती. घरात जुनी गोधडी असेल तर तिची दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्या. कोणता तुकडा कोणाच्या कपड्याचा, लुगडे कोणत्या बाजारातले, कोणत्या लग्नातले, शिवले कोणी, हे विचारून तारखेसह लिहून ठेवा. धुळे, जळगाव, नंदुरबारकडच्यांनी टाक्यांना घरात जी नावे आहेत तीही अहिराणीत, जशीच्या तशी, उत्तरात कळवावीत.